फ्यूज उडाला, पुढे काय? (लाँग ट्रिपवाल्यांसाठी थोडं इलेक्ट्रिकल)

सबमिशन्स आणि ओरल्सची कटकट संपली की होस्टेलच्या पार्किंगमध्ये एकच चर्चा रंगते. कोकण का गोवा? कोणाची बाइक, मागे कोण, पेट्रोलची काँट्री किती? टायर, चेन, ब्रेक सगळे बघतात. हेडलाइटच्या मागे काय दडलंय ते मात्र कोणी उघडून बघत नाही. मेकॅनिकल भाग मरायच्या आधी बिचारा आवाज तरी करतो. इलेक्ट्रिकल भाग काही न बोलता जातो, आणि बहुधा रात्री, पावसात, घाटात जातो. गावातल्या मेकॅनिककडे प्लग, केबल, चेन मिळते, पण तुमच्याच मॉडेलचा स्विच किंवा रेग्युलेटर मिळेलच असं नाही.

अशा वेळी जुगाड करावा लागतो. माझ्या मते त्याचे दोनच नियम आहेत. पहिला, पार्ट शोधू नका, त्या पार्टचं काम शोधा. बाइकवरचा प्रत्येक इलेक्ट्रिकल भाग वीज तयार करतो, साठवतो, जोडतो-तोडतो, मर्यादेत ठेवतो किंवा वापरतो. काम कळलं की पर्याय सुचतो. दुसरा नियम लोक विसरतात. पर्याय लावल्यावर कोणतं संरक्षण गेलं, हे स्वतःला विचारा. आपण पेट्रोलच्या टाकीला मांडी लावून बसलेलो असतो राव, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

एक बल्ब, दोन वायरी

सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा जादा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा, झालं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं आणि दुसऱ्याने एकेक जागा तपासत जायचं. बल्ब लागला तर सप्लाय तिथपर्यंत येतोय. जिथे लागेनासा होतो त्याच्या अलीकडे बिघाड. फक्त ईसीयू आणि सेन्सरच्या वायरींना हा लावू नका, तिथे मल्टिमीटरच वापरा. मीटर असेल तर तीन आकडे पाठ असू द्या. निरोगी, भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन थोडं रेस केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. तिथेही १२ च्या खाली घसरत असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर हाताबाहेर गेलाय.

फ्यूज आणि ती चांदी

फ्यूज उडाला की कोणीतरी हमखास सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायला निघतो. गाडी चालूही होते. पण ती चांदी किती अँपिअरला वितळेल हे कोणालाच माहीत नसतं. उद्या शॉर्ट झाला तर चांदी टिकेल आणि वायरिंग जळेल. मर्यादा घालणारा भाग काढून आपण न घालणारा बसवला, हा दुसऱ्या नियमाचा भंग.

याला उत्तर १८८० च्या दशकातलं आहे. विल्यम प्रीस हे ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या तारखात्यातले इंजिनिअर. त्यांनी तार किती करंटला वितळते याचं सूत्र दिलं. तांब्यासाठी ते असं: मिलिमीटरमधला व्यास गुणिले त्याच व्यासाचं वर्गमूळ गुणिले ८०. साध्या फ्लेक्झिबल वायरच्या आतली एक बारीक तार साधारण ०.२ मिमीची असते. सूत्रात घाला, उत्तर येतं ७ अँपिअर. म्हणजे एक तार लावली तर ७ च्या आसपास वितळणार आणि दोन लावल्या तर १४ च्या आसपास. जळालेल्या ब्लेड फ्यूजच्या दोन पायांना ही तार गुंडाळून फ्यूज जागेवर दाबा. सुरुवात नेहमी एका तारेने करा. ती वितळली तर अर्धी तार वाया गेली, एवढंच नुकसान. त्याहून सोपं म्हणजे, कमी गरजेच्या सर्किटचा त्याच किंवा कमी रेटिंगचा फ्यूज काढून इकडे लावणं.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष फ्यूजचा नाही, कुठेतरी शॉर्ट आहे. इथे एक झकास युक्ती चालते. फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. १२ व्होल्टला तो जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर जाऊ देतो, त्यामुळे शॉर्ट असला तरी वायर जळत नाही. चावी ऑन करा. बल्ब पूर्ण लागला तर शॉर्ट आहे. आता वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मंद होतो, तिथेच चोर.

जुलैत आम्ही आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरत होतो. मित्राच्या गाडीचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला. टपरीच्या छपराखाली हीच युक्ती केली. हँडल डावीकडे वळवलं की बल्ब पेटायचा, सरळ केलं की विझायचा. हँडलच्या मानेपाशी वायर घासून उघडी पडली होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, वर टेप आणि नायलॉन टाय. चहा संपायच्या आत गाडी तयार. "अरे, मला वाटलं आता टेम्पोच करावा लागतोय," हे मित्राचे उद्गार.

स्विच: जोडायचा की तोडायचा?

स्विच खराब झाला की लोक सरळ दोन वायरी जोडतात. पण आधी सर्किट समजून घ्या. बऱ्याच जुन्या, किकवर चालणाऱ्या सीडीआय गाड्यांत चावी किंवा किल स्विच इग्निशनची एक वायर बॉडीला अर्थ करून इंजिन बंद करतो. स्विचमध्ये पाणी गेलं की ती वायर आपोआप अर्थ होते आणि स्पार्क गायब. इथे वायरी जोडल्यात तर गाडी मेलेलीच राहील. ती वायर सोडवायची असते. (मग गाडी बंद करायला गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडावा लागतो, हे ध्यानात असू द्या.) याउलट बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या आणि आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत किल स्विच सप्लाय तोडतो. तिथे जोडावंच लागतं.

क्लच स्विचच्या दोन वायरी जोडल्या की गाडीला वाटतं क्लच कायम दाबलेला आहे. आता ती गिअरमध्येही सेल्फ घेईल आणि टुणकन पुढे उडी मारेल. म्हणून हँडलला एक चिठ्ठी चिकटवा: "आधी न्यूट्रल". मागच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग तुटली तर ट्यूबची बारीक पट्टी तेच काम करते. इंडिकेटरचा फ्लॅशर गेला तर त्याच्या दोन वायरी जोडा (तिसरी असेल तर ती सोडून द्या) आणि स्विच हाताने चालू-बंद करत राहा. दिसायला बावळट, पण मागच्या ट्रकवाल्याला समजतं.

बॅटरी आणि चार्जिंग

चार्जिंग गेलं तर बेरीज-वजाबाकी करा. समजा बॅटरी ८ अँपिअर-अवरची आहे. इंजेक्शन, पंप आणि इग्निशन मिळून ४ अँपिअर धरा, ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब जवळपास ३. सगळं चालू असेल तर कागदावर सव्वा तासही निघत नाही, आणि प्रत्यक्षात कागदाच्या निम्मंच धरावं. हेडलाइट बंद असेल तर कागदावर दोन तास. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे दिवसा त्याचा कपलर काढावा लागतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा आणि कपलर परत लावा.

बॅटरीच मेली तर? तालुक्याच्या गावात बाइकची बॅटरी नसेल, पण कॉम्प्युटरचं दुकान असतं. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी एका दिवसाला पुरते. सेल्फचा मोठा करंट देणं तिचं काम नाही, म्हणून किक मारा किंवा धक्का द्या. पॉझिटिव्हच्या वायरमध्ये फ्यूज हवाच. बॅटरी काढून टाकून इंजिन चालवायचा मोह टाळा. ती व्होल्टेजचे झटके झेलत असते. ती नसली तर ते झटके ईसीयू खातो, आणि त्याच्या किमतीत तीन ट्रिपा होतात.

रेग्युलेटर गेला असेल तर दुसऱ्या कंपनीचाही चालू शकतो. त्याच्याकडे आणि आपल्याकडे अल्टरनेटरच्या तीन सारख्या रंगाच्या वायरी (बहुधा पिवळ्या) असाव्यात आणि अँपिअर आपल्याइतके किंवा जास्त. वायरी जोडून तो धातूवर आणि वाऱ्यात बसवा, कारण तो चांगलाच तापतो. मग व्होल्टेज मोजा, तेव्हाच निघा.

इथे जुगाड नको

मघाची सायकलची ट्यूब १२ व्होल्टला उत्तम, पण प्लगच्या वायरला नको. काळ्या रबरात कार्बन असतो आणि प्लगला हजारो व्होल्ट लागतात. प्लग कॅप ओली झाली असेल तर पुसून वाळवा. कॅप आट्यांची असेल तर वायरचं टोक ५-६ मिमी कापून पुन्हा फिरवून बसवा. सेल्फच्या जाड केबलच्या जागी बारीक वायर लावू नका, आणि एबीएसच्या वायरिंगला हात लावू नका.

डबा

आपल्या गाडीच्या रेटिंगचे चार फ्यूज, दोन बल्ब, एक चौरस मिमीची दोन मीटर वायर, प्लॅस्टिकची कनेक्टर पट्टी, टेप, नायलॉन टाय, पॉलिश पेपर, छोटा मल्टिमीटर. सगळं साबणाच्या डब्यात नाही, पण टिफिनच्या डब्यात मावतं. निघण्याआधी वायरिंग डायग्रॅमचा फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि एकदा पार्किंगमध्येच फ्यूज बॉक्स उघडून बघा.

शेवटचं एक. जुगाड केलेल्या प्रत्येक जागी रंगीत टेप लावा आणि परत आल्यावर तिथे खरा पार्ट बसवा. जुगाड घरी पोहोचवायला असतो, पुढच्या सेमिस्टरपर्यंत चालवायला नाही. हॅपी रायडिंग!