लाईट आली, तरी ऑटो स्टार्टर गप्प का?

सभासद बंधूंनो, कळंब भागात मोटारीची लाईट पाळीने येते. पेटीतला दिवा लागतो, पण ऑटो स्टार्टर मोटार उचलत नाही आणि उसाचं पाणी चुकतं. "कार्ड जळालं" म्हणून नवे घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो.

काही कार्डांवर व्होल्टेजची राखण करणारी बारीक चिप असते. पुरवठा ठराविक पातळीवर येऊन सुमारे पाव सेकंद टिकेपर्यंत ती मुख्य चिपला रोखून धरते. यालाच रीसेट म्हणतात. ५ व्होल्टच्या कार्डावरील मॅक्स ८०९ जातीची 'एल' चिप साधारण ४.६३ व्होल्टच्या वर गेल्यावरच सोडते. छोटा कंडेन्सर सुकला किंवा सांध्याला गंज चढला, की तिथं ४.५ व्होल्टच पोचतात. मग राखणदार हटत नाही. म्हणून कार्ड काढून मेकॅनिककडे न्यावे व व्होल्टेज चिपच्या पायावरच मोजून घ्यावे.

चिप पूर्वी बदलली असल्यास अक्षर पाहावे. ३.३ व्होल्टच्या कार्डाला 'टी' किंवा 'एस' चालते. 'एल' बसवली तर ते कधीच सुटणार नाही. ८०९ च्या जागी ८१० बसवू नये. तिचा इशारा उलटा असतो.

पेटीत ४१५ व्होल्ट खेळतात. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालू नका.