चॉकलेटची साल, भेट कमाल!

दोस्तांनो, फणस कुठे लागतो, सांगा पाहू? बरोब्बर, थेट झाडाच्या खोडाला! आता दुसरं कोडं. तुमचं लाडकं चॉकलेट कुठे लागतं? हसू नका! चॉकलेट ज्याच्यापासून होतं, त्या कोकोची फळंही फणसासारखी खोडालाच लगडतात. एकेका फळात साधारण ३०-४० बिया असतात. त्या आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, दळायच्या, तेव्हा कुठे तो चॉकलेटचा वास सुटतो. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत ही झाडं वाढवतात. पूर्वी चॉकलेट खात नसत, बहुतेक पीतच असत. खायची वडी १८४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात फ्राय कंपनीने तयार केली.

आज आपण करणार आहोत 'चॉकलेट बार्क'. बार्क म्हणजे झाडाची साल. चॉकलेट पातळ पसरायचं, त्यावर सुकामेवा पेरायचा आणि गोठलं की हातानेच वेडेवाकडे तुकडे मोडायचे. ते सालीच्या ढलप्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. नाताळ असो, नवं वर्ष असो की दिवाळी, भेट द्यायला एकदम झकास!

आमच्या वर्गाने हे गेल्या डिसेंबरात केलं. त्याचं असं झालं, की शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या मावशी कायमच्या लेकीच्या गावी राहायला निघाल्या होत्या. मुलं म्हणाली, "बाई, मावशींनी इतकी वर्षं आपल्याला खाऊ घातलं. आता आपण त्यांना काहीतरी करून खाऊ घालू या." प्रत्येकाने थोडे थोडे पैसे काढले आणि रविवारी सकाळी सगळी फौज माझ्या घरी हजर!

तर लिहून घ्या.

साहित्य : ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट कंपाऊंड, ५० ग्रॅम पांढरं कंपाऊंड, भाजून सोललेले शेंगदाणे, पिस्त्याचे काप, बेदाणे, टुटीफ्रुटी, बटर पेपर.

कृती : सर्वांत आधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. गॅसजवळचं काम त्यांच्या सोबतीनेच करायचं. डार्क कंपाऊंडचे बारीक तुकडे करा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. त्यावर कोरडं भांडं बसवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. आता तुकडे त्यात घालून हलवत राहा. वाफेच्या उबेने ते विरघळतात. मोठ्या थाळीत बटर पेपर घालून त्यावर हे ओता आणि साधारण अर्धा सेंटिमीटर जाड पसरा. पांढरं कंपाऊंड असंच वितळवून वर रेघा ओढा आणि त्या टूथपिकने आडव्या फिरवा. कशी छान नक्षी उमटते बघा! लगेच, ओलं आहे तोवरच, सुकामेवा पेरा आणि हलक्या हाताने दाबा. २०-२५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल, तर थंडीच्या दिवसांत गार जागी झाकून ठेवलं तरी जमतं, फक्त वेळ जास्त लागतो.

कंपाऊंडच का? खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी असतं. ते साधारण ३४ अंशाला वितळतं. आपलं शरीर ३७ अंशाचं, म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं! पण ते चकचकीत गोठवायचं, तर तापमान फार सांभाळावं लागतं, नाहीतर वर पांढुरके डाग येतात. कंपाऊंडमध्ये या लोण्याऐवजी दुसरं वनस्पतीजन्य स्निग्ध असतं. ते सहज गोठतं.

आता आमची फजिती ऐका. सुदैवाने आम्ही चॉकलेट दोन वाट्यांनी वितळवत होतो. पहिला निम्मा भाग छान पातळ झाला होता. एवढ्यात एका मुलाने नळाखाली धुतलेला चमचा तसाच भांड्यात घातला. बघता बघता चॉकलेटचा खडबडीत गोळा झाला! असं का होतं? चॉकलेटमधली साखर अगदी कोरडी असते. पाण्याचे दोन थेंब मिळाले, की तिचे कण एकमेकांना चिकटून बसतात. सगळे त्या मुलाकडे बघायला लागले. त्याची मान खाली, डोळे भरलेले. सगळ्यांच्या पैशांचं ते चॉकलेट होतं ना!

खरं सांगू? चूक माझीच होती. चमचा पुसून घ्या, हे मी सांगितलंच नव्हतं. मी तसं सगळ्यांसमोर म्हटलं आणि दूध गरम करून त्याच्याच हातात दिलं. "चमचा-चमचा घाल आणि ढवळत राहा." थोड्या पाण्याने गोळा होतो, पण आणखी गरम दूध घातलं की साखर विरघळते आणि झकास सॉस तयार! तो आम्ही बिस्किटांवर ओतून तिथल्या तिथे फस्त केला. उरलेल्या निम्म्या चॉकलेटचे तुकडे त्याच मुलाने मोडले. अर्थात, हात आणि चमचा तीन-तीनदा पुसून!

भेट देताना दोन गोष्टी विसरू नका. समोरच्याला शेंगदाणे, सुकामेवा चालतो ना, मधुमेह नाही ना, हे आधी विचारा. आणि घरात कुत्रा असेल, तर त्याला चॉकलेट अजिबात देऊ नका. त्याच्यासाठी ते विषारी असतं.

आम्ही तुकडे स्टीलच्या डब्यात भरले. मावशींनी डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर चॉकलेटची चिक्की!" मग डबा पिशवीत ठेवून त्या एस.टी.त बसल्या.

डबा गेला तो गेलाच, असं आम्हाला वाटलं. पण संक्रांतीनंतर गावाकडून येणाऱ्या एका पाहुण्यांबरोबर तो परत आला. कुणाचा डबा रिकामा पाठवायचा नसतो ना! आत तिळाचे लाडू होते. मोजले, तर वर्गातल्या प्रत्येकाला एक. चमचेवाल्याला दोन.

मग काय, लागताय ना तयारीला? आणि हो, चमचा पुसून घ्या बरं का!