ग्रंथालयाचे बजेट: अनुदानाची वाट पाहण्याआधी आपली बेरीज करा

नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूर जिल्ह्यातल्या उदगीर-औशापर्यंत अनेक मोहल्ल्यांत दोन खोल्यांची ग्रंथालये चालतात. सकाळी बुजुर्ग पेपर वाचतात, संध्याकाळी नीटची आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली बसतात. पण बजेट विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "अनुदान आले की बघू." गडबड इथूनच सुरू होते.

आपल्या सीमेपलीकडे व्यवस्था वेगळी आहे. बिदरला, म्हणजे कर्नाटकात, आणि निजामाबादला, म्हणजे तेलंगणात, मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात उपकर नाही. इथे ग्रंथालय लोकांनी चालवायचे आणि सरकारने अनुदान द्यायचे, अशी रीत आहे. म्हणून बजेटची जबाबदारीही कमिटीवरच येते.

अनुदान अ, ब, क, ड या वर्गांनुसार मिळते. 2022 मध्ये 60 टक्के वाढ मंजूर झाली, तेव्हा ड वर्गाचे अनुदान वर्षाला 30 हजारांवरून 48 हजार झाले. चालू दर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंतच अनुदान मिळते, उरलेले 10 टक्के आपल्याला उभे करावे लागतात. आणि अनुदानाचा निम्मा भाग पगारासाठी असतो, निम्मा बाकी खर्चासाठी.

आता एक नमुना हिशेब करू. ड वर्गाचे ग्रंथालय, 60 सभासद, महिना 10 रुपये वर्गणी. वर्षाची वर्गणी 7,200 रुपये. त्यात अनुदान 48,000. एकूण जमा 55,200.

खर्च असा मांडता येईल:
- ग्रंथपालाचा पगार: 24,000
- पुस्तके: 12,000
- वर्तमानपत्रे व मासिके: 7,200
- वीज: 6,000
- ऑडिट, स्टेशनरी, बाइंडिंग: 4,000
- अडीअडचणीसाठी शिल्लक: 2,000

हिशेब जुळला. पण पहिली ओळ परत वाचा. वर्षाला 24 हजार म्हणजे महिन्याला 2 हजार. रोज कुलूप उघडणारा, झाडू मारणारा, नोंदी ठेवणारा माणूस एवढ्यावर किती दिवस टिकेल? तो गेला की ग्रंथालय बंद पडते, मग कपाटात कितीही पुस्तके असोत. मोहल्ल्यातल्या 20 घरांनी महिना 50 रुपये दिले तर वर्षाला 12 हजार जमतात आणि पगार 3 हजार होतो. हेही थोडेच आहे, पण सुरुवात तर होईल. अशी देणगी पावतीवरच घ्या. जकातीची रक्कम यात मिसळू नका. तिचे हकदार ठरलेले आहेत, शंका असेल तर आलिमांना विचारा.

दुसरी अडचण वेळेची. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, अनुदान हप्त्यांनी येते आणि उशीरही होतो. वीजबिल आणि पेपरवाला मात्र दर महिन्याला दारात उभा असतो. म्हणून वर्गणी आणि देणगीतून किमान तीन महिन्यांचा चालू खर्च बाजूला ठेवा. पुस्तकांची यादीही आधीच तयार असू द्या. मार्चमध्ये घाईने खरेदी केली की दुकानदाराकडे पडून असलेली पुस्तके गळ्यात पडतात. वाचकांसाठी एक वही ठेवा, हवे ते पुस्तक त्यांनीच लिहावे. मराठी, उर्दू आणि स्पर्धा परीक्षा यांची वाटणी त्या वहीवरून ठरवा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतूनही पुस्तके मिळतात. त्यासाठी राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

कामाचा क्रम साधा आहे. जानेवारीत मागच्या वर्षाचा खरा खर्च काढा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कमिटीच्या बैठकीत बजेट मंजूर करून ठराव लिहा. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर हिशेबाचे वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी धर्मादाय कार्यालयात अंदाजपत्रक द्यावे लागते. वर्ष संपल्यावर ऑडिट वेळेत करा, कागद अडला की हप्ता अडतो.

आणि मंजूर झालेले बजेट दारावर लावा. 50 रुपये देणाऱ्याला ते कुठे गेले हे दिसले, तर पुढच्या वर्षी मागायला जावे लागणार नाही.