राजा गेला, घोडा उरला

मुंबईच्या ‘काळा घोडा’ चौकातून मूळचा काळा घोडा केव्हाच गेला. तो आज भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, लोकांच्या राणीच्या बागेत, पाठीवरच्या स्वारासह उभा आहे. एडवर्ड १८७५-७६ मध्ये युवराज या नात्याने हिंदुस्थानात आला. त्या भेटीचे स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोएम यांच्याकडून हा ब्राँझचा पुतळा घडवून घेतला व १८७९ मध्ये तो उभारला गेला. लोकांनी मात्र चौकाला नाव दिले ते घोड्याचे. भावी सम्राटाला त्यांनी जमेसच धरले नाही!

१९६५ साली पुतळा हलविण्यात आला, तरी नाव टिकले. २०१७ मध्ये त्याच परिसरात श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा घोडा उभा राहिला. त्याच्यावर स्वार नाही. लोकभाषेने पूर्वीच दिलेला निवाडाच जणू शिल्पकाराने मूर्त केला.

मग जुन्या पुतळ्याचे प्रयोजन काय? तो वितळवावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु पारतंत्र्याच्या खुणा पुसल्याने पारतंत्र्य घडलेच नव्हते, असे होत नाही. याच उद्यानाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात १८६४ मध्ये तो भंगला आणि १९१४ मध्ये पुन्हा सांधला गेला. राज्यकर्त्यांनी नेऊ पाहिलेला हत्ती आणि त्यांच्या गौरवार्थ उभारलेला घोडा एकाच आवारात असावेत, याहून बोलका इतिहासाचा धडा कोणता?

हा धडा केवळ मुंबईकरांचा नव्हे. ससून घराण्याचा व्यापार अफूचा, तसाच कापसाचाही होता. आणि ज्या कापसाने मुंबई श्रीमंत झाली, त्यात खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूसही होता. मुंबई-आग्रा रस्त्यावरील नरडाण्याचा विद्यार्थी सहलीला त्या बागेत गेला, तर तेथील वैभवाशी आपल्या शेतकरी पूर्वजांच्या घामाचेही नाते आहे, हे त्याला उमगले पाहिजे.

म्हणून अशा शिल्पापाशी नाव आणि साल देऊन भागणार नाही. ते कोणी घडविले, कोणाच्या पैशाने, कोणाच्या गौरवासाठी आणि ते का हलविले, हे सारे स्वच्छ मराठीत लिहिलेले हवे. पुतळ्यापुढे मान लवविणे किंवा त्यावर घण घालणे यांपेक्षा तो वाचता येणे, हेच स्वतंत्र समाजाचे लक्षण होय.