पाणी विकणारा डोंगरी देश

लेसोथोतल्या सर्वांत सखल ठिकाणी उभं राहिलं तरी माणूस समुद्रसपाटीपासून १,४०० मीटर उंचीवर असतो, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. जगात दुसऱ्या कुठल्याही देशाचा तळ एवढ्या उंचीवर नाही. माथा तर ३,४८२ मीटरवर. जून-जुलैच्या हिवाळ्यात इथे बर्फ पडतो आणि घोड्यावरचे गुराखी जाड लोकरी ब्लँकेट खांद्याशी भल्यामोठ्या पिनेने अडकवून फिरतात. समुद्र नाही आणि शेजारीही एकच. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिका.

अशा देशाकडे विकण्याजोगं काय असणार? हिरे आहेत. पण सगळ्यांत वेगळी मिळकत पाण्याची. दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत लांब नदी ऑरेंज लेसोथोच्या डोंगरात उगम पावते. तिथे तिला सेंकू म्हणतात. नदीच्या खोऱ्याचा अगदी छोटा हिस्सा या देशात येतो, पण तिच्या पाण्यातला सुमारे ४० टक्के वाटा इथला असतो.

याचं मर्म डोंगरमाथ्यावर आहे. इथला काळा खडक सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट, फक्त वयाने खूप थोर. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर इथला १८ कोटी. बोकाँगजवळ, ३,००० मीटरच्या वर, या खडकावर बुटक्या गवताची आणि शेवाळाची पाणथळ माती साचली आहे. पाऊल टाकलं की ती दबते, बाजूने गार पाणी पाझरतं आणि पाय उचलला की हळूहळू पुन्हा वर येते. पावसाळ्यात मुरलेलं पाणी ही माती कोरड्या महिन्यांत थेंबाथेंबाने ओढ्यांना देत राहते. जनावरांच्या अति चराईने ती फाटते, म्हणून तिची राखण धरणाइतकीच महत्त्वाची.

इतिहास थोडक्यात. मोश्वेश्वे या राजाने १८२४ मध्ये थाबा बोसिउ या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाण मांडून विखुरलेल्या टोळ्यांचं बासोथो राष्ट्र उभं केलं. डच वंशाच्या बोअर वसाहतवाल्यांनी कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन बळकावली, १८६८ मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण आलं आणि ४ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वातंत्र्य. पुढेही कित्येक वर्षं गावोगावचे पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत राबत राहिले.

मोश्वेश्वेची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. थाबा बोसिउकडे निघालेल्या काफिल्यातून त्याच्या वृद्ध आजोबांना नरभक्षक टोळीने पकडलं आणि खाल्लं. पुढे तीच माणसं त्याच्या हाती लागली. माझ्या आजोबांची कबर आता यांच्या पोटात आहे आणि कबरीवर कुणी हात उगारत नाही, असं म्हणून त्याने त्यांना जीवदान दिलं, त्यांच्यावर शुद्धीचे विधी करवले आणि त्यांना आपल्यात घेतलं, असं बासोथो सांगतात. वैऱ्याशी सूडापेक्षा सौदा बरा, हे राजकारण या देशाच्या हाडीमाशी आहे. पाण्याच्या करारातही ते दिसतं.

जोहान्सबर्ग सोन्यापायी वसलं, पण त्याच्या उशाला मोठी नदी नाही. लेसोथोचं पाणी तिकडे वळवण्याची कल्पना १९५० च्या दशकातली. प्रत्यक्ष करार झाला २४ ऑक्टोबर १९८६ रोजी. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळल्या आणि पाठोपाठ लेसोथोत लष्कराने सत्ता घेतली होती. म्हणजे वर्णद्वेषी सरकार आणि लष्करी राजवट यांच्यातला हा करार; जनतेला कुणी विचारलं नाही. तरीही त्यातलं भावाचं गणित अभ्यासण्यासारखं आहे. हेच पाणी दक्षिण आफ्रिकेने खालच्या मैदानातून पंपाने उपसलं असतं तर खर्च किती आला असता, हे आधी काढलं. डोंगरातून ते उताराने आपसूक येतं. त्यातून होणाऱ्या बचतीचे ५६ टक्के लेसोथोला आणि ४४ टक्के दक्षिण आफ्रिकेला. पाण्यावरून भांडणाऱ्या कुठल्याही दोन राज्यांनी हे सूत्र एकदा समोर ठेवून पाहावं.

या योजनेचा मुकुटमणी म्हणजे मालिबामात्सो नदीवरचं कात्से धरण. उंची १८५ मीटर. आपलं कोयना १०३ मीटरचं. काँक्रीटची ही भिंत आडवी वाकलेली आहे आणि उभीही, त्यामुळे पाण्याचा रेटा दोन्ही काठांच्या कड्यांवर जातो. साठा १९५ कोटी घनमीटर, म्हणजे साधारण ६९ टीएमसी. तिथून ४५ किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी मुएलाच्या ७२ मेगावॉट वीजघरात उतरतं, पुढे ३७ किलोमीटरच्या दुसऱ्या बोगद्याने सरहद्दीखालून दक्षिण आफ्रिकेत निघतं आणि नद्यांतून जोहान्सबर्गला पाणी पुरवणाऱ्या व्हाल धरणाला मिळतं. जानेवारी १९९८ मध्ये या पाण्याचं रीतसर उद्घाटन झालं.

कोयनेची दुसरीही आठवण इथे येते. कात्से भरू लागलं तेव्हा छोटे भूकंप जाणवले आणि मापेलेंग गावातून जमिनीला लांबच लांब भेग पडली. खोऱ्यातली उत्तम शेतं बुडाली. मोबदला म्हणून ५० वर्षं दरसाल धान्य किंवा पैसे देण्याचं ठरलं, पण घरचा मका गेला तो गेलाच. बुडणाऱ्या भागातून वाचवलेल्या वनस्पतींची कात्सेला एक बाग आहे. त्यात पानं भोवऱ्यासारखी फिरलेली, फक्त लेसोथोत आढळणारी कोरफड पाहायला मिळते. सप्टेंबर १९९८ मध्ये राजकीय गोंधळात दक्षिण आफ्रिकेचं सैन्य देशात शिरलं, तेव्हा कात्से धरणावर उतरलेल्या तुकडीने तिथे पहाऱ्यावर असलेल्या लेसोथोच्या सैनिकांना ठार केलं. दुसऱ्याच्या देशातलं आपलं पाणी किती मोलाचं, याचा हा रक्ताळलेला पुरावा.

आणि मग लाचखोरीचा खटला. प्रकल्पाच्या प्राधिकरणाचे मुख्य अधिकारी मासुफा सोले यांना गैरव्यवहारावरून १९९५ मध्ये काढून टाकण्यात आलं. पैसे वसूल करण्यासाठी सरकारने दिवाणी दावा लावला. त्यात बँकेची कागदपत्रं उघडली आणि धागा थेट स्वित्झर्लंडमधल्या खात्यांपर्यंत गेला. स्विस न्यायालयांनी नोंदी खुल्या केल्यावर कळलं, की परदेशी कंपन्यांचे पैसे मध्यस्थांच्या खात्यातून सोलेंकडे वळत होते. २००२ मध्ये त्यांना १८ वर्षांची कैद झाली. अपिलात ती १५ वर्षं झाली. लाच घेणारा तुरुंगात जातो, हे इतरत्रही घडतं. राजधानी मासेरूच्या न्यायालयाने देणाऱ्यालाही पकडलं. कॅनडाची एकर्स इंटरनॅशनल त्याच वर्षी दोषी ठरली, पुढच्या वर्षी जर्मनीची लाहमायर. जागतिक बँकेने आधी एकर्सविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं होतं. २००४ मध्ये मात्र तिला तीन वर्षं कंत्राटांतून बाद करावं लागलं. जेमतेम २० लाख वस्तीच्या गरीब देशाने हा खर्चिक खटला स्वतःच्या हिमतीवर शेवटाला नेला. आफ्रिकेतल्या भ्रष्टाचारावर बोलताना ही हकीकत क्वचितच निघते, हा अन्याय आहे.

एरवी देशाची भिस्त अमेरिकेला जाणाऱ्या कपड्यांवर. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, नंतर ते १५ टक्क्यांवर आणलं. तोवर शिवणकारखान्यांतल्या बायकांच्या पोटात गोळा आला होता. पाण्याच्या मिळकतीचं मोल अशा वेळी आणखी वाढतं.

या पाणीयोजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा करार २०११ चा. मोखोतलोंग जिल्ह्यात सेंकूवर पोलिहाली धरणाचं काम चाललं आहे आणि ३८ किलोमीटरचा बोगदा ते कात्सेला जोडणार आहे. पुन्हा गावं उठताहेत, पुन्हा कुरणं जाताहेत. पहिल्या टप्प्यात जलाशयाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बायका बादल्या घेऊन झऱ्यावर जात राहिल्या आणि पाणी मात्र जोहान्सबर्गच्या नळांना पोचलं. पोलिहालीचं पाणी बोगद्यात शिरण्याआधी काठावरच्या गावांत नळ यायला हवेत आणि हा खर्च पाण्याच्या रॉयल्टीच्या पैशातून सहज निघू शकतो.