दृष्टिमापनाची प्रवेशपरीक्षा

आमच्या धाकट्या बंधूंची नात अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत जन्मली व वाढली. तिनें ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टिमापनशास्त्र, शिकण्याचा मनोदय कळविला तेव्हां आमच्या घरांत बराच खल झाला. "चष्मेच विकावयाचे तर एवढा खटाटोप कशाला?" असें तिच्या आजीनें विचारलें. वस्तुतः तिकडे हा मनुष्य चष्म्याचा दुकानदार नव्हे. महाविद्यालयाचें शिक्षण आटोपल्यावर आणखी चार वर्षें घालवून तो या विषयाचा डॉक्टर होतो. चष्म्याचा नंबर ठरविणें, कांचबिंदूचीं किंवा मधुमेहाचीं डोळ्यांत उमटणारीं चिन्हें हेरणें, कांहीं विकारांवर औषध देणें हें त्याचें काम. मोतीबिंदु काढणारा नेत्रवैद्य निराळा.

या शिक्षणाच्या दाराशीं ओ. ए. टी. नांवाची परीक्षा उभी आहे. (कांहीं विद्यालयें इतर परीक्षांचेही गुण मान्य करतात.) तींत चार भाग असतात. पहिल्यांत ९० मिनिटांत १०० प्रश्न: ४० जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनाचे व ३० सेंद्रिय रसायनाचे. पुढें शास्त्रीय विषयांवरील तीन उताऱ्यांचें आकलन, पदार्थविज्ञान व गणित.

मुलीनें पहिल्या खेपेस सेंद्रिय रसायनाच्या धास्तीनें तीन महिन्यांपैकीं दोन त्यांतच घालविले, आणि पदार्थविज्ञानांत मार खाल्ला. त्याचे ४० प्रश्न ५० मिनिटांत सोडवावयाचे. शिवाय गणकयंत्र मिळतें तें केवळ गणिताच्या भागांत, येथें नाहीं! घरीं सराव करतांना यंत्र सतत हाताशीं असे, त्यामुळें परीक्षेच्या मेजावर साधा भागाकारही अडला. शेवटचे पांच प्रश्न तिनें कोरे सोडले. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहींत. तेव्हां अंदाजानें खूण करण्यांतही कांहीं गमवावयाचें नव्हतें.

निकालानंतर वडिलांनीं दुसरी वाट धरण्याचा आग्रह केला. मुलीनें आम्हांस दूरध्वनि करून विचारलें, "आजोबा, मी सोडून देऊं का?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. "८० सेंटिमीटर केंद्रांतराच्या भिंगाची शक्ति सांग," म्हणालों. ती गप्प. मीटरांतील केंद्रांतरानें एकास भागावें, एवढें सूत्र तिला ठाऊक होतें; भागावयाचें कसें हाच प्रश्न. सव्वा! ४० सेंटिमीटरचें अडीच, २५ चें चार. चष्म्याचे नंबर सहसा पाव-पावानेंच चढतात, आणि आमच्या बालपणीं पावकी, निमकी, सवायकी पाठ असल्यावांचून गुरुजी घरीं सोडीत नसत. हा ठेवा आम्हींच पुढच्या पिढीस दिला नाहीं, हेंही खरें.

तेव्हांपासून रोज रात्रीं, म्हणजे तिच्या सकाळीं, अर्धा तास पाढे चालतात. तिच्या मराठी उच्चारांत 'पाऊणकी' फार गमतीची वाटते. भिंगापासून ३० सेंटिमीटरवर वस्तु, केंद्रांतर १०, तर प्रतिमा १५ वर व आकारानें निम्मी, उलटी. असलीं उदाहरणें ती आतां कागदावांचून सांगते. उतारे मात्र तिनें स्वतःच वाचावे. त्यांत आमचें इंग्रजी तोकडें.

दुसरी परीक्षा पुढील महिन्यांत आहे. तिच्या वडिलांनीं शुल्क भरलें, पण ही शेवटची खेप असें बजावूनच. काल रात्रीं तिनें विचारलें, औटकी म्हणजे किती? साडेतीन, असें आम्हीं सांगण्यापूर्वींच आजीनें आंतून उत्तर दिलें.