रिमोट दाबला, पण दिवा लागेना! बिघाड शोधायचा कसा?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंडी ग्रिललाही सोडत नाही. मग रिमोटवर दिवा लावणारं छोटं सर्किट कसं सुटेल? दिवा लागेनासा झाला की अनेकजण थेट रिसीव्हर बदलतात. पण दोष तिथेच असेल असं नाही.

आधी सुरक्षा

अशा अनेक स्वस्त सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटर लावूनच 230 व्होल्ट खाली आणलेले असतात. त्यामुळे 5 व्होल्टच्या भागाला हात लागला तरी जोराचा शॉक बसू शकतो. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो. म्हणून वीज चालू ठेवून बोर्ड तपासायचा असेल, तर ते काम इलेक्ट्रिशियनचंच.

1. रिमोट ठीक आहे का?

मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकला, तर रिमोट चालू आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर सेल्फी कॅमेऱ्यात पाहा.

2. फक्त दिवसा त्रास होतो का?

टीएसओपी 1738 हा रिसीव्हर सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकणारा इन्फ्रारेड प्रकाश ओळखतो. थेट ऊन किंवा जवळचा सीएफएल दिवा त्याला गोंधळात टाकतो. रिसीव्हरवर सावली धरल्यावर रिमोट चालला, तर जागा बदला.

3. ‘टक्’ आवाज येतो का?

बटण दाबल्यावर रिले वाजला, पण दिवा लागला नाही, तर रिसीव्हर निर्दोष आहे. बल्ब, वायर किंवा रिलेचे संपर्क तपासायला हवेत. आवाजच आला नाही, तर रिसीव्हर, त्याचा 5 व्होल्टचा पुरवठा किंवा रिले चालवणारा ट्रान्झिस्टर यांवर संशय घ्या.

4. बोर्डावर हिरवट डाग आहेत का?

मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्या ओल्या थरातून वीज नको तिथे झिरपते आणि तांबंही गंजतं. दिवा आपोआप चालू-बंद होण्यामागे हेही कारण असू शकतं. वीज तोडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. पुन्हा बसवताना डबा बंद आणि कोरड्या जागी ठेवा.

रिसीव्हर बदलावाच लागला तर?

दुकानात 1738 ऐवजी 4838 मिळू शकतो. दोन्ही 38 किलोहर्ट्झचेच, पण पायांचा क्रम वेगळा. तो न पाहता सोल्डर केला, तर नवा रिसीव्हरही जळू शकतो!